महासागरातला घटता ऑक्सिजन : मॉडेल आणि नोंदी जुळत नाहीत, तर पाणी कुठे मुरतंय?

मोजपट्टी (धागाकर्ता)

नमनाला घडाभर तेल नको, थेट मुद्दा मांडतो.

श्मिटको, श्ट्रामा आणि फिसबेक यांनी २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये दिलेला हिशेब असा : जगातल्या सगळ्या महासागरांत मिळून सुमारे २२७ पेटामोल (एक पेटामोल म्हणजे १ वर पंधरा शून्यं इतके मोल) ऑक्सिजन विरघळलेला आहे आणि १९६० पासून त्यातला ४.८ पेटामोल (± २.१) गेला. म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा जास्त. याच काळासाठी चालवलेली हवामान मॉडेलंही घट दाखवतात, पण ढोबळमानाने निम्मी. ओश्लीस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यावरच बोट ठेवलं होतं.

हीच तुलना अरबी समुद्रासाठी करायची आहे. चौकट ८ ते २६ उत्तर, ५० ते ७७ पूर्व. खोली १०० ते १००० मीटर. सध्याची रीत : सीएमआयपी६ (जगभरच्या हवामान मॉडेलांची सामायिक तुलना) च्या ऐतिहासिक प्रयोगातून (१८५० ते २०१४) ऑक्सिजन, तापमान, क्षारता यांचे मासिक आकडे घ्यायचे, सगळी मॉडेलं एक अंशाच्या ग्रिडवर आणायची, १९६० ते २०१४ चा रेषीय कल काढायचा. दुसरीकडे वर्ल्ड ओशन डेटाबेसमधली प्रोफाइलं (एका जागी वरून खालपर्यंत घेतलेली मोजमापं) त्याच चौकटीत वार्षिक सरासरी करून त्यांचा कल काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे.

अडचणी तीन. मॉडेलामॉडेलांतला फरक कलापेक्षा कितीतरी मोठा आहे. नोंदी १९५९-६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत आणि १९९० च्या दशकातल्या जेगॉफ्स या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या वेळी दाट, मधे विरळ. आणि काही मॉडेलं सर्वांत कमी ऑक्सिजनचा गाभा अरबी समुद्राऐवजी बंगालच्या उपसागरात नेऊन ठेवतात.

रीतीत कुठे चुकतंय ते सांगा. मॉडेलांवर खापर फोडायची घाई नाही.

---

खारट

कल वगैरे नंतर. आधी एककं तपासा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मॉडेलच्या फायलीत ऑक्सिजन मोल प्रति घनमीटर असतो. १००० ने गुणलं की मायक्रोमोल प्रति लिटर. प्रति किलो करायला घनतेने भागायचं, पण कुठल्या घनतेने? बहुतेक महासागर मॉडेलं बुसिनेस्क गृहीतकावर चालतात, म्हणजे वस्तुमान नव्हे तर आकारमान जपतात. म्हणून मॉडेलची स्वतःची संदर्भ-घनता वापरावी (नेमो या मॉडेलमध्ये घनमीटरला १०२६ किलो). १००० मीटरवरची दाबासकटची घनता १०३२ च्या आसपास असते. ती वापरलीत तर अर्ध्या टक्क्याच्या वर फरक पडतो. घट दोन टक्क्यांची असताना अर्धा टक्का सोडून देण्यासारखा नाही.

जुन्या नोंदी मिलिलिटर प्रति लिटरमध्ये आहेत. गुणक ४४.६६, मग घनतेने भागा. वर्ल्ड ओशन अ‍ॅटलासची (सगळ्या नोंदींचा सरासरी नकाशासंच) २०१३ ची आवृत्ती मिलिलिटरमध्ये आहे आणि २०१८ ची मायक्रोमोल प्रति किलोमध्ये. एकच प्रोग्रॅम दोन्हीवर चालवला की गोंधळ ठरलेला.

सीईएसएम२ या मॉडेलमध्ये खोली सेंटिमीटरमध्ये आहे. '१०० ते १०००' असं कापलंत तर हातात एक ते दहा मीटरचा थर येतो आणि ऑक्सिजन अगदी संपृक्त, तब्येतीत दिसतो. यूकेईएसएम१ चं वर्ष ३६० दिवसांचं, काही मॉडेलांत लीप वर्षच नाही. त्यामुळे काळाचा अक्ष दिवसांत मोजून मॉडेलं जोडू नका, वर्ष आणि महिना काढून जोडा. जमिनीच्या पेशींत (ग्रिडच्या चौकोनांत) १ वर वीस शून्यं असा आकडा असतो. तो वगळला गेलाय ना ते किनाऱ्यालगतच्या एका पेशीवर हाताने बघा.

संपृक्ततेसाठी (पाण्यात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन विरघळेल त्यासाठी) गार्सिया-गॉर्डन १९९२ चं सूत्र, बेन्सन-क्राउझचे गुणांक. १० अंश सेल्सिअस आणि ३५ क्षारता घातली की ०.२८२०१५ मोल प्रति घनमीटर आलंच पाहिजे. नाही आलं तर केल्व्हिन-सेल्सिअसची चूक, नाहीतर गुणांकांची अदलाबदल.

आणि मुख्य : ऑक्सिजनचा एकूण साठा काढताना आधी एक अंशाच्या ग्रिडवर आणू नका. मूळ ग्रिडवर, मॉडेलनेच दिलेल्या पेशींच्या आकारमानाने गुणून बेरीज करा. तळालगतच्या पेशी अर्धवट असतात. नव्या ग्रिडवर नेताना त्यांचं आकारमान हमखास चुकतं. नकाशा काढायचा असेल तेव्हाच ग्रिड बदला.

---

घनमीटर

खारट यांच्याशी सहमत, एक पुस्ती जोडतो. घनतेची ती चूक काळानुसार बदलत नाही, त्यामुळे टक्क्यांतला कल शाबूत राहतो. बिघडते ती सरासरी. पण 'ऑक्सिजन २० मायक्रोमोलपेक्षा कमी असलेलं आकारमान' असं काही मोजत असाल तर तिथे सरासरीतली चूक आकारमानात उतरते.

---

तांडेल

मॉडेलांना झोडपण्याआधी नोंदी कशा गोळा झाल्या ते पाहू. अरबी समुद्राच्या बाबतीत इथेच खरं पाणी मुरतंय.

पाया विंकलरची पद्धत, १८८८ ची. साधारण १२५ मिलिची काचेची बाटली, नळीने तळापासून भरायची, दोन-तीन बाटल्याभर पाणी वाहू द्यायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड, प्रत्येकी १ मिलि. बूच, हलवणं, साका बसला की पुन्हा हलवणं. मग १ मिलि गंधकाम्ल आणि सुटलेलं आयोडिन थायोसल्फेटने मोजायचं. नीट केलं तर अचूकता ०.१ ते ०.३ टक्के. पण :

रसायनांतच थोडा ऑक्सिजन विरघळलेला असतो. दोन मिलि रसायनांत मिळून ०.०१७ नव्हे, ०.००१७ मिलि (दशांशचिन्ह नीट बघा). १२५ मिलिच्या बाटलीत त्याचे ०.६ मायक्रोमोल प्रति लिटर होतात. उत्तर अटलांटिकमध्ये २५० असताना हे कोण विचारतो? पण अरबी समुद्राच्या गाभ्यात खरा आकडा जवळजवळ शून्य आहे. तिथे ही वजावट केली होती की नाही यावर 'कल' ठरू शकतो.

त्यात पाणी वर आणताना आणि बाटलीत घेताना हवेचा संसर्ग. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात हवेतून ऑक्सिजन आत शिरतो, म्हणजे चूक नेहमी वरच्या बाजूला. शिवाय गाभ्यात नायट्राइट भरपूर. तो आम्ल घातल्यावर आयोडाइडमधून जास्तीचं आयोडिन सोडतो, पुन्हा चूक वरच्याच बाजूला. अ‍ॅझाइड घातलं तर ही अडचण टळते.

उलट दिशेची चूकही आहे. १९६५ मध्ये कार्पेंटरने अख्ख्या बाटलीतच मोजणी करायची सुधारणा सुचवली. त्याआधी नमुना दुसऱ्या भांड्यात ओतून मोजत, त्यात आयोडिन उडून जाई आणि आकडा कमी येई.

आता या सगळ्याचा परिणाम बघा. वरच्या थरात जुने आकडे कमी, गाभ्यात जुने आकडे जास्त. पद्धत सुधारत गेली की काहीही न घडता गाभ्यात 'घट' दिसेल. म्हणून गाभ्याचा, म्हणजे २० मायक्रोमोलच्या खालचा, कल जुन्या विंकलर नोंदींवरून काढूच नये. कमी ऑक्सिजनच्या पट्ट्याच्या कडांवर, जिथे ४० ते १०० आहे, तिथे काढा. गाभ्यात काय चाललंय हे विचारायचं असेल तर नायट्राइटचा आणि नायट्रेटच्या तुटीचा विस्तार जास्त प्रामाणिक उत्तर देतो. स्टॉक्स नावाचे नवे ऑक्सिजन सेन्सर नॅनोमोलपर्यंत मोजतात, पण ते आले २००० च्या दशकात. त्यांचा जुना इतिहास कुठून आणणार?

---

काठावरचा

म्हणजे मॉडेल निर्दोष आणि सगळा दोष शीशी-नळीचा? सोयीचं आहे.

जागतिक आकडा फक्त गाभ्यावर उभा नाही. वरच्या १००० मीटरचा इतो आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास घ्या. ऑक्सिजन आणि महासागरात साठलेली उष्णता यांचा सहसंबंध −०.८६, आणि दर ज्यूलमागे ८.२ नॅनोमोल ऑक्सिजन कमी. आता साधा हिशेब करा. १० अंशाच्या आसपास पाणी एक अंशाने तापलं की विद्राव्यता किलोमागे साडेपाच मायक्रोमोलने कमी होते. एक किलो पाणी एक अंश तापवायला जवळपास ४००० ज्यूल. भागाकार १.४ नॅनोमोल प्रति ज्यूल. थंड पाण्यात थोडा जास्त, पण ८.२ च्या जवळपासही नाही. उरलेली घट गरम पाण्यात वायू कमी विरघळतो म्हणून झालेली नाही. ती पाण्याची उलथापालथ मंदावल्याने आणि श्वसनाने झालेली आहे. आणि मॉडेलं नेमकी तिथेच कच्ची आहेत, हे तरी मान्य करा.

---

घनमीटर

मान्यच आहे. पण त्याच अभ्यासात हेही म्हटलंय की हे गुणोत्तर मॉडेलांत सापडणाऱ्या गुणोत्तराच्याच पातळीतलं आहे. म्हणजे मॉडेलांची दिशा चुकलेली नाही, मात्रा चुकते.

'निम्मी घट' या वाक्याबद्दल मात्र सावध राहा. तुलना सारख्याला सारखी हवी. मॉडेलमध्ये दर महिन्याला, दर पेशीत आकडा आहे. जहाजांच्या नोंदींत दक्षिण महासागर हिवाळ्यात जवळपास कोरा. मधली जागा भरायला गणिती इंटरपोलेशन वापरतात आणि जिथे नोंद नाही तिथे ते सरासरीकडे, म्हणजे शून्य बदलाकडे, ओढतं.

इतो आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये हेच तपासलं. सीएमआयपी६ मॉडेलांतून फक्त तेवढेच बिंदू उचलले जिथे आणि जेव्हा जहाजांनी मोजलं होतं, मग उरलेली जागा त्याच साध्या इंटरपोलेशनने भरली. मॉडेलचा खरा कल माहीतच असल्याने उत्तर पडताळता आलं. पूर्ण कलाच्या साधारण दोन तृतीयांशच हाती लागला. उत्तर अटलांटिकमध्ये आणि उत्तर प्रशांतच्या ध्रुवाकडच्या भागात ८० टक्क्यांहून जास्त, विषुववृत्ताजवळ आणि दक्षिण महासागरात वाईट. ही पद्धत खऱ्या नोंदींवर लावली तर ५० वर्षांत १.५ टक्का घट येते. कसर भरून काढली की १.७ ते ३.१ टक्के.

आता गंमत बघा, काठावरचा. बरोबरीची तुलना केल्यावर मॉडेलं सुटत नाहीत. नोंदींचा नकाशा घट कमी दाखवत असेल तर खरी घट आणखी मोठी आहे, आणि मॉडेलांशी तफावत वाढते. तेव्हा तुमचा राग योग्यच आहे, फक्त पुरावा दुसरा वापरा.

मोजपट्टी, तुमच्यासाठी कृती अशी :

डेटाबेसमधल्या प्रत्येक प्रोफाइलसाठी वर्ष, महिना, अक्षांश, रेखांश, खोली घ्या. मॉडेलमधली सर्वांत जवळची *पाण्याची* पेशी शोधा. जवळची पेशी जमीन निघाली तर दोन पेशींपर्यंत सरका, त्यापुढे ती नोंद सोडा. उभ्या दिशेत रेषीय पद्धतीने त्या खोलीवर आणा. मॉडेलमध्ये जे तयार होईल ते 'नकली मोहिमांचं' दप्तर. मग नोंदींवर जी जी प्रक्रिया करता (महिन्याची सरासरी वजा करणे, पेशीत गोळा करणे, वार्षिक सरासरी, कल) ती शब्दशः या दप्तरावर करा. शेवटी त्याच मॉडेलचा पूर्ण कल काढा. दोघांचं गुणोत्तर म्हणजे तुमच्या चौकटीत नमुन्यांच्या विरळपणाने किती कल गिळला याचं माप. अरबी समुद्रात पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मोजलेले आकडे वेगळे असतात. १९६० च्या दशकातल्या आणि १९९० च्या दशकातल्या मोहिमांचे महिने सारखे नसतील तर महिन्याची सरासरी वजा केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

आणि एकच गोष्ट तीनदा सांगण्यासारखी : जोडलेल्या (हवा आणि समुद्र दोन्ही स्वतःच चालवणाऱ्या) मॉडेलचं १९८२ हे आपलं १९८२ नव्हे. त्यातला एल निन्यो दुसऱ्याच वर्षी येतो. म्हणून वर्षागणिक तुलना करू नका. मॉडेलांची सरासरी काढली की आतली चढउतार पुसली जाते, पण निसर्गाने एकच धाव काढलेली आहे. नोंदीचा कल सरासरीशी नाही, एकेका सदस्याच्या (सुरुवात थोडी बदलून चालवलेल्या प्रत्येक धावेच्या) *पसाऱ्याशी* ताडून बघा : नोंद पसाऱ्यात बसते की बाहेर पडते? वर्षागणिक जुळवायचंच असेल तर ओएमआयपी-२ चे (फक्त महासागराच्या मॉडेलांचे) प्रयोग घ्या. त्यात १९५८ ते २०१८ चे खरे वारे आणि खरं तापमान वरून लादलेलं असतं. मात्र हीच ६१ वर्षं सहा वेळा फिरवलेली असतात. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला वारे २०१८ वरून १९५८ वर उडी मारतात. पहिली काही वर्षं टाकून द्या.

---

ओहोटी

सुरुवातीचं वर्ष निवडतानाही जपा. आगुंग (१९६३), एल चिचोन (१९८२), पिनाटुबो (जून १९९१) : मोठ्या उद्रेकानंतर समुद्राचा वरचा थर थंडावतो, मिसळण वाढते, ऑक्सिजन आत जातो. कल १९९३ पासून सुरू केला तर घट फुगलेली दिसेल. सुरुवात पाच-सहा वर्षं मागेपुढे करून कल किती हलतो तो आकडा द्या, नाहीतर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता अरबी समुद्र. इथलं कोडं असं आहे की शेवाळाची सर्वांत जास्त वाढ पश्चिमेला, ओमान-सोमालियाच्या किनाऱ्याजवळ; पण ऑक्सिजनचा सर्वांत वाईट गाभा तिथे नाही, तो मध्य-ईशान्येला. जिथे जास्त सडतं तिथेच ऑक्सिजन जास्त संपायला हवा ना? तसं होत नाही, कारण पश्चिमेला ताजं पाणी पोचतं. एक पुरवठा दक्षिणेकडून, सोमाली प्रवाहाबरोबर. दुसरा पर्शियन आखातातून, घनता २६.६ च्या आसपास (घनमीटरला १००० किलोच्या वर जितके किलो), दोन-तीनशे मीटरवर. तिसरा तांबड्या समुद्रातून, २७.२ च्या आसपास, आणखी खाली. ईशान्येचा कोपरा मात्र तिन्हींच्या टोकाला.

मॉडेलात काय होतं? बाब-अल-मंदेब सर्वांत अरुंद ठिकाणी वीस-तीस किलोमीटर, होर्मुझ चाळीस-पन्नास. एक अंशाची पेशी शंभर किलोमीटरहून रुंद. म्हणजे सामुद्रधुनी एकतर बंद राहते, नाहीतर मॉडेलकार ती हाताने रुंद करतात, नाहीतर दोन्ही बाजूंचं पाणी गणिताने मिसळून टाकतात. प्रत्येकाचा परिणाम वेगळा. शिवाय जड, खारं पाणी उतारावरून घरंगळताना मॉडेलच्या पायऱ्यापायऱ्यांच्या तळावर भोवतालच्या पाण्यात फार लवकर मिसळतं आणि हव्या त्या खोलीवर पोचतच नाही. कीलच्या गटाने २०२१ मध्ये सीएमआयपी५ मॉडेलांची छाननी करून हीच दोन कारणं पुढे ठेवली : आखातांतून येणारं पाणी आणि दक्षिणेकडून येणारं पाणी.

मग मोजपट्टींनी विचारलेलं, गाभा बंगालच्या उपसागरात का सरकतो? तिथे नद्यांच्या गोड पाण्याने वरचा थर घट्ट बसलेला असतो, खालून पोषकद्रव्यं वर येत नाहीत, वाढ कमी. शिवाय नद्यांच्या गाळाला चिकटून सेंद्रिय कण वेगाने तळाशी जातात, मधल्या पाण्यात सडायला कमी उरतं. म्हणून उपसागर काठावर थांबतो : नॅनोमोलांत मोजण्याइतका ऑक्सिजन शिल्लक राहतो आणि नायट्रेट मोठ्या प्रमाणावर उडून जात नाही. मॉडेलातले कण सगळीकडे एकाच वेगाने बुडत असतील, गाळाचं ओझं नसेल, तर उपसागरात श्वसन जास्त होतं आणि गाभा तिकडे पळतो.

तेव्हा पहिली तपासणी ऑक्सिजनची नकोच. २६.६ आणि २७.२ या घनतेच्या पृष्ठांवर *क्षारतेचा* नकाशा काढा. आखातांची खारी जीभ नोंदींत जिथवर जाते तिथवर मॉडेलात जाते का बघा. ज्या मॉडेलात ती जीभच नाही त्याचा ऑक्सिजन बरोबर आला तरी तो चुकून बरोबर आहे.

---

मोजपट्टी

सेंटिमीटरचा मुद्दा लागू होता, दुरुस्त केला. ओहोटी, घनतेच्या पृष्ठावर कल काढायचा म्हणजे खोलीवरचा कल सोडून द्यायचा?

---

ओहोटी

नाही, दोन्ही. खोलीवरच्या कलात पृष्ठ वरखाली हलल्याचा भाग मिसळलेला असतो. ३०० मीटरवर ऑक्सिजन कमी झाला तो पाणी बदललं म्हणून, की खालचं तेच पाणी वीस मीटर वर आलं म्हणून? घनतेवर काढलेल्या कलात फक्त पाण्याचा बदल उरतो. दोघांची वजाबाकी म्हणजे हालचाल. मॉडेल आणि नोंदी यांत कुठला तुकडा जुळत नाही ते इथे कळतं. घनता मासिक आकड्यांवरून काढा; वार्षिक सरासरी तापमान-क्षारतेवरून काढली तर वरच्या दोनशे मीटरमध्ये चुकते.

---

तळगाळ

ड्रिफ्टबद्दल (मॉडेलच्या आपोआप सरकण्याबद्दल) कोणीच बोललं नाही! खोल पाणी एकदा पूर्ण फिरायला हजार वर्षांच्या वर लागतात. कित्येक मॉडेलं त्याच्या निम्मा काळही 'मुरवलेली' नसतात. त्यामुळे बाहेरून काहीही न बदलता ऑक्सिजन हळूहळू सरकत राहतो, आणि १००० मीटरखाली हे सरकणं हवामानबदलाच्या खुणेइतकं असू शकतं.

उपाय : प्रत्येक मॉडेलचा औद्योगिकपूर्व नियंत्रण प्रयोग घ्या. ऐतिहासिक प्रयोग त्यातून कुठल्या वर्षी फुटला ते फायलीच्या माहितीत लिहिलेलं असतं. एकक आणि दिनदर्शिकाही तिथेच. फुटल्यापासूनची समांतर १६५ वर्षं घ्या, प्रत्येक पेशीत रेषा बसवा, तिचा *चढ* ऐतिहासिक प्रयोगातून वजा करा. फक्त १९६०-२०१४ ला समांतर ५५ वर्षांवर रेषा बसवू नका. त्यात नियंत्रण प्रयोगाची स्वतःची दशकी हेलकावणी पकडली जाते आणि ती तुम्ही खऱ्या कलातून वजा करून बसता. एका मॉडेलचे अनेक सदस्य असतील तर प्रत्येकाचं फुटण्याचं वर्ष वेगळं असतं. सगळ्यांना एकच तुकडा लावणं ही नेहमीची चूक.

आता काठावरचा म्हणतात त्या कच्चेपणाबद्दल. माझ्या मते संपूर्ण विषयातली कळीची गोष्ट ही आहे : आजचा ऑक्सिजन बरोबर दाखवणारं मॉडेल घटही बरोबर दाखवेल असं मुळीच नाही.

उदाहरण कागदावरचं. एका घनतेच्या पृष्ठावर ऑक्सिजनची तूट (संपृक्ततेपेक्षा कमी पडलेला ऑक्सिजन) २०० मायक्रोमोल. 'अ' मॉडेलात पाणी पृष्ठभाग सोडून ४० वर्षं झालेली, श्वसन वर्षाला ५. 'ब' मॉडेलात वय २० वर्षं, श्वसन १०. दोघांत तूट २००, अ‍ॅटलासशी दोघंही छान जुळतात. आता वरचा थर तापून घट्ट झाला आणि पाण्याचं वय दोन वर्षांनी वाढलं. 'अ' मध्ये घट १०, 'ब' मध्ये २०. दुप्पट फरक, आणि आजच्या नकाशात त्याचा मागमूस नाही.

विषुववृत्ताजवळ तर हे उघडच घडतं. खोल पाण्यातले पूर्व-पश्चिम वाहणारे अरुंद प्रवाह एक अंशाच्या ग्रिडवर उमटत नाहीत, ऑक्सिजन पूर्वेकडे पोचत नाही. मग कोणी मिसळण्याचा गुणांक वाढवतो, कोणी कण जास्त वेगाने बुडवतो. सरासरी सुधारते, कारण दोन चुका एकमेकींना खातात. घट मात्र बिघडते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून पाण्याचं वय देणारा चल ज्या मॉडेलांनी दिलाय तीच मॉडेलं निवडा. तूट भागिले वय हा अंदाजे श्वसनदर काढा, आणि ऑक्सिजनऐवजी वय व दर वेगवेगळे ताडून बघा. वयासाठी नोंदींकडून क्लोरोफ्लुरोकार्बन आणि सल्फर हेक्साफ्लोराइडचे आकडे आहेत. एक ताकीद : तूट म्हणजे संपृक्तता वजा ऑक्सिजन, यात पाणी बुडताना पूर्ण संपृक्त होतं असं धरलेलं असतं. ध्रुवाजवळ बर्फाखाली ते तसं नसतं, त्यामुळे दक्षिणेकडून आलेल्या पाण्यात श्वसन थोडं फुगून दिसेल.

---

काठावरचा

'अ' आणि 'ब' चं उदाहरण पटलं. मग मॉडेलांची क्रमवारी लावताना नकाशाच्या जुळणीला गुण द्यायचेच कशाला?

---

तळगाळ

गाळणी म्हणून ठेवा, क्रमवारी म्हणून नको. आखाताची खारी जीभ नाही, गाभा उपसागरात आहे : असली मॉडेलं बाजूला. उरलेल्यांत नकाशाच्या गुणांवरून उजवं-डावं करू नका.

---

शिंपला

कोकण-गोव्याच्या उथळ पाण्याचं काय? कांदोळीसमोर १९९७ पासूनच्या नोंदी आहेत, पंचवीसेक मीटर खोलीवरच्या. त्यांच्याशी मॉडेल जुळवता येईल का?

---

तांडेल

जागतिक मॉडेलशी नाही. पावसाळ्यात खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी शेल्फवर (किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर) चढतं, वर पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइडपर्यंत मजल जाते. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये यावर लिहिलंय. ही सगळी घडामोड पाच-सात मीटरच्या थरांत आणि काही आठवड्यांत होते. एक अंशाच्या मॉडेलात ती पेशी शेल्फच्या कडेपर्यंत पसरलेली असते. त्यासाठी काही किलोमीटरचं प्रादेशिक मॉडेल हवं, आणि त्याच्या पश्चिम-दक्षिण कडांवर ऑक्सिजन जागतिक मॉडेलचा नको, अ‍ॅटलासचा द्यावा. नाहीतर वरची सगळी चूक कडेतून आत येते.

---

मोजपट्टी

शेवटचं. २००५ नंतरच्या काळासाठी आर्गो तरंगकांचा (समुद्रात वरखाली होत आपोआप मोजणाऱ्या यंत्रांचा) ऑक्सिजन विंकलर नोंदींना जोडायचा विचार आहे. सरळ जोडला तर चालेल?

---

खारट

सरळ नाही. कारखान्यातून निघाल्यावर कपाटात पडूनच तरंगकावरचा ऑप्टोड (प्रकाशाच्या साहाय्याने ऑक्सिजन मोजणारा) सेन्सर वर्षाला काही टक्के कमी दाखवायला लागतो. पाण्यात सोडल्यावर हा वेग बराच मंदावतो. दुरुस्ती न केलेले आकडे जोडले तर जोडावरच खोटी घट तयार होते, आणि तीही तुम्हाला हवी त्या दिशेला, म्हणून जास्त धोकादायक.

'समायोजित' आकडेच घ्या, स्थिती 'डी' (नंतर तपासून पक्के केलेले) असलेले, गुणवत्ता-खूण १ आणि २ फक्त. दुरुस्ती हवेतल्या मोजणीवरून झालीय की अ‍ॅटलासवरून ते बघा. अ‍ॅटलासवरून झाली असेल तर तो तरंगक कलासाठी बाद : ज्या सरासरीपासूनचा फरक मोजायचाय तिच्यावरच त्याला खेचून बसवलेलं असतं.

---

तांडेल

आणि सेन्सरच्या उशिराचं विसरू नका. सेन्सरचं पटल मंद असतं, प्रतिसादाला मिनिटभर लागू शकतो. तरंगक सेकंदाला दहा सेंटिमीटरने वर येतो, म्हणजे आकडा सहा मीटर मागचा. अरबी समुद्रात काही डझन मीटरांत ऑक्सिजन दोनशेवरून वीसच्या खाली येतो. तिथे सहा मीटर म्हणजे २०-३० मायक्रोमोलची चूक, आणि वर येताना ती नेहमी कमी बाजूला. प्रत्येक मोजणीची वेळ नोंदलेली असेल तर उलटं गणित करून काढता येते. वेळ नोंदलेली नसेल तर तो उताराचा थर वगळून २०० मीटरखालचाच भाग विंकलरला जोडा. गाभ्यात जो सर्वांत कमी आकडा येतो तो दोन-तीन मायक्रोमोल असेल तर ते बहुधा सेन्सरचं शून्य सरकलेलं आहे, ऑक्सिजन नव्हे.

---

मोजपट्टी

ठीक. क्रम असा लावतो : एककं, मूळ ग्रिडवर बेरीज, १६५ वर्षांची ड्रिफ्ट-वजाबाकी, क्षारतेच्या जिभेची गाळणी, मग नकली मोहिमांचं दप्तर, २० मायक्रोमोलखालचा भाग बाहेर. वय देणारी मॉडेलं किती उरतात ते बघून आकडे इथेच टाकतो.

---

घनमीटर

टाकताना मॉडेलांची सरासरी एकटी टाकू नका. प्रत्येक सदस्याचा कल वेगळा ठिपका म्हणून, आणि नोंदीचा कल आडव्या रेषेत.